मशीन चालू, बुडबुडे चालू, आणि तरी सॅच्युरेशन 83: बडोद्यातलं झिओलाइटचं एक प्रकरण

प्रकरण घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं, म्हणजे झिओलाइट नावाच्या दाण्यांनी हवेतला नायट्रोजन धरून ऑक्सिजन पुढे देणाऱ्या मशीनचं आहे, मिनिटाला पाच लिटरचं, चाकांवरचं, 2021 च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी जी मशीनं आली त्यातलंच एक. कुटुंब मराठी, तीन पिढ्या बडोद्यातच, घर विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. मे 2021 मध्ये काकूंसाठी घेतलं होतं, त्या बऱ्या झाल्या, मशीन पुसून प्लास्टिकची पिशवी घालून माळ्यावर गेलं ते तिथेच राहिलं. मधे ऑगस्ट 2024 चा पूर आला, पाणी तळमजल्यात शिरलं, माळ्यापर्यंत अर्थातच पोचलं नाही पण घर नंतर कितीतरी दिवस ओलं होतं, भिंतींना पापुद्रे सुटले होते आणि कपाटातल्या साड्यांना वास येत होता असं काकू सांगतात. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात काकांना, वय 74, जुनी सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा आजार), हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की मिनिटाला 2 लिटरवर ऑक्सिजन चालू ठेवा, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) 88 ते 92 मध्ये राहू द्या, उगाच जास्त वाढवायला जाऊ नका. (सीओपीडीत हेच टार्गेट ठेवतात, कारण अशा काही पेशंटांना ऑक्सिजन फार जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायला लागतो.) घरात मशीन होतंच, माळ्यावरून काढलं, लावलं, सुरू झालं. आवाज नेहमीसारखा, दर काही सेकंदांनी फुस्स होतंय, फ्लो दाखवणारा बॉल 2 वर तरंगतोय, ऑक्सिजन दमट करायच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतायत. आणि काकांचं सॅच्युरेशन 83-84 च्या वर जाईना.

मग जे कोणीही करेल ते घरच्यांनी केलं, फ्लो वाढवला. 3 वर, मग 4 वर, रात्री 5 वर. फरक नाही म्हटलं तरी चालेल, 84 चं 85 आणि परत 84, वर नाक कोरडं पडून काका वैतागले ते वेगळंच. सकाळी टेक्निशियन आला, बाहेरचा स्पंजचा फिल्टर धुतला, आतला फिल्टर बदलला, फ्लो बघितला, "मशीन तो बराबर ज छे" म्हणाला आणि गेला. त्याला फार दोष देण्यात अर्थ नाही कारण त्याच्याकडे फ्लो आणि प्रेशर मोजायचं साधन होतं, ऑक्सिजन मोजायचं नव्हतं.

आमच्याकडे काही मराठी मंडळी मिळून व्हीलचेअर, वॉकर, कॉन्सन्ट्रेटर गरजूंना वापरायला देतो, माझा विषय केमिस्ट्री असल्यामुळे मशीनांची देखभाल माझ्याकडे, म्हणून त्या घरातल्या वहिनींचा फोन मला आला. पहिलं काम एकच केलं, भरलेला सिलिंडर नेला आणि डॉक्टरांना फोनवर विचारून काकांना त्यावर घेतलं. पेशंट मशीनला जोडलेला ठेवून मशीनची तपासणी करत बसायचं नसतं, हे कोणालाही सांगावंसं वाटतं. सिलिंडरवर 2 लिटरलाच सॅच्युरेशन 90 वर आलं. म्हणजे फुफ्फुसं काल होती तशीच आहेत, नळी-कॅन्युला, म्हणजे नाकात लावायची नळी, ठीक आहे (तीच नळी वापरली होती), गडबड मशीनमधून जे बाहेर येतंय त्यात आहे.

मग अ‍ॅनालायझर लावला. (वायूत ऑक्सिजन किती टक्के ते दाखवणारं हे यंत्र.) मशीन वीस मिनिटं गरम होऊ दिलं आणि बाटली काढून थेट आउटलेटवर मोजलं, कारण बाटलीचं झाकण नीट बसलं नसेल तरी गळती होऊ शकते आणि मग कशामुळे काय झालं ते कळत नाही. 1 लिटरवर 74 टक्के, 2 लिटरवर 61, 5 लिटरवर 38. चांगल्या मशीनला सगळीकडे 90 च्या वर यायला पाहिजे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात कोणत्याही फ्लोवर निदान 82 तरी हवेत.

आता हे आकडे जरा नीट बघा, कारण रात्रभर फ्लो वाढवून फरक का पडला नाही ते यातच आहे. साध्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतोच, त्यामुळे मशीनची खरी कमाई म्हणजे 21 च्या वरचा भाग. 93 टक्क्यांचं चांगलं मशीन 2 लिटरवर मिनिटाला 2 × 0.72, म्हणजे 1.44 लिटर जास्तीचा ऑक्सिजन देतं. हे मशीन 2 लिटरवर 2 × 0.40, म्हणजे 0.80 देत होतं. आणि 5 वर? 5 × 0.17, म्हणजे 0.85. पूर्ण उघडलं तरी जवळपास तेवढंच, वाढली ती नुसती हवा. कॉम्प्रेसर जीव तोडून काम करतोय, विजेचं बिल येतंय, बुडबुडे दुप्पट वेगाने येतायत आणि पेशंटला मिळतोय तो ऑक्सिजन चांगल्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास. बुडबुडे म्हणजे ऑक्सिजन असं घरोघरी मानतात, पण बुडबुडा कुठल्याही वायूचा येतो, पंख्याची हवा त्यात सोडली तरी येईल.

फ्लो कमी असताना बरा आकडा आणि वाढवला की धाडकन खाली, हे लक्षण ओळखीचं आहे. व्हॉल्व्ह अडकला किंवा गळती असली तरी आकडा पडतो, म्हणून साबणाचं पाणी लावून जोड तपासले, प्रेशर दोन्ही कॉलमला (दाणे भरलेल्या नळकांड्यांना) सारखं आणि पुरेसं चढत होतं, कॉम्प्रेसर ठणठणीत. उरले ते कॉलममधले दाणे, झिओलाइट.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण या दाण्यांच्या पोटात घडलंय आणि मला स्वतःला यापेक्षा सुंदर रचना क्वचितच माहीत आहे. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनची स्फटिकी जाळी, पण ती भरीव नसते, पिंजऱ्यांची असते. कॉन्सन्ट्रेटरमध्ये वापरतात तो फॉजासाइट जातीचा. त्यातला छोटा पिंजरा 24 कोपऱ्यांचा, त्याला 8 षटकोनी आणि 6 चौकोनी तोंडं. असे पिंजरे एकमेकांना ठरावीक पद्धतीने जोडले जातात आणि त्यांच्या मधोमध एक मोठा पिंजरा तयार होतो, आतून सुमारे 1.3 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), त्याला चार खिडक्या, प्रत्येक खिडकी 0.74 नॅनोमीटरची. एका दाण्यात असे पिंजरे इतके की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग काही शे चौरस मीटर भरतो.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असतो तो इथे. लोकांना वाटतं, कंपन्यांच्या माहितीपत्रकातही कधीकधी असंच चित्र असतं, की ऑक्सिजनचा रेणू लहान म्हणून आरपार जातो आणि नायट्रोजनचा मोठा म्हणून अडकतो. नायट्रोजन 0.36 नॅनोमीटर, ऑक्सिजन 0.35, खिडकी 0.74. दोघंही आरामात आत जातात. वेगळं होतं ते विजेच्या ओढीमुळे. जाळीत जिथे सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसतो तिथे एक ऋण भार उरतो, तो फेडायला पिंजऱ्यात सोडियमचा किंवा लिथियमचा धन आयन (धन भाराचा अणू) येऊन बसतो. चांगल्या ग्रेडमध्ये सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम एकास एक, त्यामुळे आयन भरपूर, आणि लिथियम एवढासा असल्यामुळे त्याच्या जवळची ओढ तीव्र. नायट्रोजनच्या रेणूत भाराची वाटणी ऑक्सिजनपेक्षा बरीच जास्त असमान असते (क्वाड्रुपोल म्हणतात त्याला), म्हणून तो या आयनांना जास्त चिकटतो. दाब दिला की नायट्रोजन पिंजऱ्यात बसतो, ऑक्सिजन पुढे जातो, दाब सोडला की नायट्रोजन सुटून बाहेर, तोच तो फुस्स आवाज. दोन कॉलम आळीपाळीने हे करतात, एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो. ही दाब चढवायची-उतरवायची युक्ती चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांची, पेटंट 1960 चं. हवेतला आर्गॉन, 0.93 टक्के, ऑक्सिजनसारखाच वागतो आणि त्याच्याबरोबरच पुढे जातो, म्हणून या पद्धतीने शंभर टक्के येतच नाही, साधारण 95-96 ला थांबतं. कोणी 99 टक्क्यांचं घरगुती कॉन्सन्ट्रेटर विकत असेल तर घेऊ नका.

आणि जी ओढ नायट्रोजनला धरते तीच पाण्याला कितीतरी जोरात धरते. पाण्याच्या रेणूची एक बाजू धन, एक ऋण, तो लिथियमला जाऊन बिलगला की नुसता दाब सोडून सहज सुटत नाही. पाण्याने धरलेली जागा नायट्रोजनसाठी गेली. चालू मशीनमध्ये हवेतली वाफ कॉलमच्या तोंडाशीच, पहिल्या थरात अडकते (तिथे पुष्कळदा अ‍ॅल्युमिनाचा थर मुद्दाम असतो) आणि दर फेरीला सुटणाऱ्या कोरड्या वायूबरोबर बरीचशी परत बाहेर जाते, त्यामुळे पावसाळ्यातही मशीन वर्षानुवर्षं चालतं. बंद मशीनमध्ये ही परत ढकलायची क्रिया थांबते. तोंडाशी अडकलेलं पाणी सावकाश आत सरकतं, एका दाण्यातून दुसऱ्यात, आणि बाहेरच्या दमट हवेतून नवं पाणी आत येत राहतं कारण आउटलेट-इनलेट काही हवाबंद नसतात. चार पावसाळे माळ्यावर आणि त्यात एक पूर. प्लास्टिकच्या पिशवीने धूळ थांबली, ओल कशी थांबणार. म्हणजे हे मशीन वापरून वापरून झिजलेलं नव्हतं, पडून राहून खराब झालं होतं, आणि हे पटवून देणंच सगळ्यात अवघड गेलं, कारण घरच्यांच्या मते ते "एकदम नवं, महिनाभरच वापरलेलं" होतं.

काकूंनी एक चांगला प्रश्न विचारला, बाटलीतलं पाणी आत गेलं असेल का. नाही, बाटली कॉलमच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या बाजूला असते, तिथून उलटं जायला मशीन आडवं पाडावं लागेल. दुसरं विचारलं ते कूलरचं. तो मात्र मुद्दा होता, कूलर आणि मशीन एकाच खोलीत समोरासमोर होते. पाण्याचा कूलर ज्या खोलीत, तिथे कॉन्सन्ट्रेटर ठेवू नये, हवा लागते ती कोरडी. तो हलवला. आणि देवघरही त्याच खोलीत, सकाळ-संध्याकाळ समई, उदबत्ती. ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत ज्योत नको, कॅन्युलाच्या आसपास तर अजिबातच नको, हे काकूंना सांगताना जड गेलं पण त्यांनी ऐकलं, देव दुसऱ्या खोलीत नेले.

वाळवून बघू या असं सगळ्यांनाच वाटतं. आधी मशीन रिकामं, कमी फ्लोवर रात्रभर चालवलं, ओल थोडी असेल तर याने कधीकधी सुधारतं. 2 लिटरवरचा आकडा 61 चा 63 झाला, बस. शेजारच्यांनी दाणे काढून ओव्हनमध्ये भाजायची कल्पना मांडली. ते करू नये, कळकळीने सांगतो. पाणी पूर्ण काढायला 300 अंशांच्या आसपास तापमान आणि वरून सतत कोरडा वायू लागतो, आणि अ‍ॅल्युमिनियम जास्त असलेली ही जात ओली असताना तापवली तर वाफेनेच पिंजऱ्यांची जाळी ढासळते, मग वाळवूनही उपयोग नाही. शिवाय दाबाचे कॉलम घरी उघडणं हे धोक्याचं काम आहे ते वेगळं.

शेवटी दुसरा टेक्निशियन बोलावला, त्याने सीलबंद नवे कॉलम बसवले. जुने त्याने अंगणात प्रेशर पूर्ण सोडून, मास्क लावून उघडले आणि मी त्याच्याकडून तीन ठिकाणचे दाणे मागून घेतले, तोंडाजवळचे, मधले आणि पार पलीकडच्या टोकाचे. रंग फिकट मातकट, आकार खसखस आणि राजगिऱ्याच्या मधला, तोंडाकडच्या दाण्यांत पांढरी पूड बरीच झाली होती. त्याच्याकडच्या फोडलेल्या सीलबंद पुडीतले थोडे नवे दाणेही घेतले. चार स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत दोन चमचे दाणे, आणि प्रत्येकीवर चमचाभर पाणी.

नव्या दाण्यांनी लगेच तडतड सुरू केली, बारीक बुडबुडे, पिंजऱ्यातली हवा बाहेर पडत होती, आणि वाटी हातात धरवेना इतकी गरम झाली. पाणी आयनांना चिकटताना जी उष्णता सुटते ती ही. तोंडाजवळचे जुने दाणे ढिम्म, वाटी गार ती गारच, त्यांची भूक आधीच भागलेली. मधले जेमतेम कोमट. पलीकडच्या टोकाचे बऱ्यापैकी गरम झाले, नव्यांइतके नाही पण बोटाला जाणवेल एवढे. ओल कॉलममध्ये कुठून शिरली आणि कुठवर पोचली याचा नकाशाच चार वाट्यांत मांडला गेला, आणि 1 लिटरवर 74 टक्के तरी का येत होते तेही कळलं, पलीकडचा भाग अजून काम करत होता, कमी हवा असली की तेवढा पुरत होता. वहिनींनी स्वतः चारही वाट्यांना हात लावून बघितला आणि त्यानंतर "नवं मशीन कसं बिघडेल" हा प्रश्न घरात कोणी काढला नाही. (दाणे उडाले की डोळ्यांत आणि श्वासात पूड जाते, मुलांना करायला देऊ नका.)

आमच्यातले एक काका बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालेले, ते वाट्यांपाशी उभे होते, म्हणाले हा तर आमच्या क्रॅकरमधला भाऊबंद. खरंच आहे, जड तेल फोडून पेट्रोल काढणाऱ्या युनिटच्या कॅटॅलिस्टमध्ये (क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थात) झिओलाइट वाय असतो, पिंजऱ्यांची रचना हीच, फक्त सिलिकॉन जास्त, म्हणून तो वाफ आणि उष्णता दोन्ही सोसतो. तिथे आयनांच्या जागी आम्ल बसवलेलं असतं आणि पिंजऱ्यात रेणू फुटतात. हे कृत्रिम झिओलाइट ए आणि एक्स अमेरिकेत युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटाला बनवायला घेतले, 1954 पासून विकले जाऊ लागले. निसर्गातले तर आपल्या घरचेच म्हणायचे, नाशिक, जळगाव, पुण्याकडच्या खाणीत बेसॉल्ट फोडला की पोकळ्यांमध्ये स्टिलबाइट, ह्यूलँडाइटचे जे गुलाबी-पांढरे स्फटिक मिळतात ते झिओलाइटच. फक्त ऑक्सिजनच्या मशीनला ते चालत नाहीत, त्यांच्या वाटा वेगळ्या आणि अरुंद असतात.

अशा सूक्ष्म पिंजऱ्यांची बाकीची मंडळी जास्त प्रसिद्ध आहेत, प्रयोगशाळेत बनवलेले कार्बनचे, सोन्याचे, सिलिकाचे पिंजरे. अभ्यासाला एकाहून एक सरस. पण माणसाच्या उशाशी रात्रभर श्वास पुरवायला बसलेला पिंजरा झिओलाइटचा, आणि त्याच्याबद्दल घरात कोणाला काही माहीत नसतं ही गोष्ट मला खटकते. मशीनच्या बाजूला 93 टक्के लिहिलेलं स्टिकर होतं, आत ऑक्सिजनचा सेन्सर नव्हता. सेन्सर असता तर पहिल्या पाच मिनिटांत दिवा लागला असता. घेताना फ्लो किती लिटर एवढंच विचारतात, ऑक्सिजनचा टक्का दाखवतं का हे विचारायला हवं, आणि जुनं मशीन वापरात आणताना आधी अ‍ॅनालायझर लावून 2 वर आणि पूर्ण फ्लोवर, दोन्हीकडे मोजायला हवं. नुसतं 1 लिटरवर मोजून ठीक म्हटलं तर असं मशीन निसटून जाईल. पडून असलेलं मशीन महिन्यातून एकदा काही तास कोरड्या दिवशी चालवलं तर आत सरकणारी ओल परत तोंडाकडे ढकलली जाते.

नव्या कॉलमनंतर 2 लिटरवर 94, 5 लिटरवर 92. काकांना सिलिंडरवरून मशीनवर घेतलं तेव्हा डॉक्टर व्हिडिओ कॉलवर होते, 2 लिटरवर सॅच्युरेशन 90-91, फ्लो वाढवायची गरज पडली नाही, आणि काकू त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोपल्या.

यानंतर आम्ही आमच्याकडची सगळी मशीनं काढून मोजली. जी फिरती होती, एका घरून दुसऱ्या घरी जाणारी, ती जुनी असूनही ठीक निघाली. कपाटात बंद असलेल्यांपैकी दोन खाली आली, त्यांचे कॉलम बदलायला दिलेत. लोकांनी 2021 नंतर आम्हाला देऊन टाकलेली काही मशीनं अजून रावपुऱ्यात एकांच्या वाड्यातल्या खोलीत आहेत, त्यांना अ‍ॅनालायझर लावल्याशिवाय एकही बाहेर द्यायचं नाही असं ठरलंय.